एका मीटरवर पाच चुली

जानेवारी 2025 मधला रविवार. तालमीच्या कट्ट्यावर एक ताई शाळेची वही घेऊन आल्या. वही मुलीची, जुनी. पुढून अपूर्णांकांची गणितं आणि मागून उलटी धरून ताईंचे आकडे: तारीख, सबमीटरचं रीडिंग, युनिट, दिलेले पैसे. शेवटची ओळ होती 82 युनिट, 1148 रुपये.

"काका, माझं एकटीचं एवढं कसं काय येतंय? तेवढं बघा की."

बँकेतून निवृत्त झाल्यापासून रविवारी सकाळी मी कट्ट्यावर बसतो आणि ज्याला जो फॉर्म भरून हवा असेल तो भरून देतो. लाडकी बहीणच्या वेळी रांग लागली होती. आता बिलं घेऊन येतात. ताईंची वही पाहिल्यावर पहिल्यांदा माझ्याही मनात तेच आलं जे कुणाच्याही येईल, की घरमालक लुटतोय. तो अंदाज पुढं चुकला. तो कसा चुकला ते सांगण्यासाठीच हे प्रकरण लिहून काढतोय. नावं मुद्दाम गाळली आहेत आणि ओळख पटेल असा तपशील बदलला आहे.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरच्या मागच्या बाजूला एका जुन्या घराच्या परसात पाच खोल्यांची एक ओळ आहे. पुढच्या घरात मालक राहतात. त्यांना सगळे आण्णा म्हणतात. आण्णांच्या घराचं मीटर वेगळं आहे. परसातल्या पाचही खोल्यांना मिळून एकच मीटर आहे, तेही आण्णांच्याच नावावर. प्रत्येक खोलीच्या दारावर प्लास्टिकच्या डबीत सबमीटर बसवलेलं. महिनाअखेरीला आण्णा हातात टॉर्च घेऊन रीडिंग घेतात आणि युनिटला 14 रुपये लावतात. ओळीत राहणारे सगळे कामकरी. दोघे फौंड्रीत, एक रिक्षावाला, एक भाजीवाली आणि या ताई. ताईंचा नवरा एका वर्कशॉपमध्ये कास्टिंगचं फेटलिंग करतो, म्हणजे ओतलेल्या भागांच्या कडा घासून साफ करतो. ताई स्वतः सुभाषनगरातून कोल्हापुरी चपलेच्या चामड्याच्या पट्ट्या आणून घरी वेणी घालतात. दिवसा धुणीभांडी, आणि वेणीला बसायचं ते रात्री दहानंतर, ट्यूबखाली.

82 युनिट गेले कुठं, हे आम्ही खोलीत बसून मोजलं. एक जुना फ्रीज, एक टीव्ही, मिक्सर, दोन ट्यूब, आणि बादलीत सोडायचा पाणी तापवायचा रॉड. रॉड 1500 वॅटचा. रोज अर्धा तास म्हटलं तरी महिन्याला बावीसेक युनिट, म्हणजे चौदाच्या दरानं तीनशेच्या वर रुपये नुसत्या आंघोळीच्या पाण्याला. परसात आण्णांचा तांब्याचा बंब आहे, पण भाडेकरूंनी जळण पेटवायचं नाही, भिंती काळ्या होतात. गॅसवर पाणी तापवायचं तर सिलिंडर महिनाभर पुरत नाही. गॅसचं कनेक्शन गावाकडं, राधानगरी तालुक्यात, सासूबाईंच्या नावावर आहे. अन्नपूर्णा योजनेचे वर्षाचे तीन मोफत सिलिंडर त्या नावावर येतात आणि तिथंच संपतात. दिराच्या शेतातल्या पाच एचपीच्या पंपाचं बिल शून्य येतं, कारण मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत एप्रिल 2024 पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत आहे. म्हणजे या कुटुंबाला सरकारनं काहीच दिलं नाही असं नाही. दिलंय, फक्त ते राधानगरीच्या पत्त्यावर. कोल्हापुरातल्या खोलीत पोचतात ते लाडकी बहीणचे 1500 रुपये. त्यातले 1148 विजेला गेले.

कट्ट्यावर हा विषय निघाला आणि मग जाळ आणि धूर संगटच.

आमच्या कट्ट्यावर तीन तोंडं कायम असतात. एक सत्ताधारी पक्षाचा तरुण कार्यकर्ता. दुसरे मास्तर, कोल्हापूरच्या टोलविरोधी आंदोलनात एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्या मागं चाललेले. तिसरे फौंड्रीवाले शेठ, तीस वर्षं धंद्यात.

कार्यकर्त्याचं म्हणणं, आणखी काय द्यायचं? पंधराशे दिले, गॅस दिला, शेतकऱ्याची वीज माफ केली. नोव्हेंबर 2024 च्या निवडणुकीत महायुतीनं आपली दहा वचनं जाहीर केली ती इथंच, कोल्हापूरच्या सभेत, 5 नोव्हेंबरला. त्यात वीजबिलात 30 टक्के कपातीचं वचन होतंच की. सौर येऊ दे, बिल आपोआप उतरतंय.

मास्तरांनी बोट दाखवलं निपाणीकडं. कागल सोडून कोगनोळीचा नाका ओलांडला की कर्नाटक. कोल्हापूरपासून चाळीसेक किलोमीटर, माणसं आपलीच, भाषा आपलीच. तिथं ऑगस्ट 2023 पासून गृहज्योती योजनेचं शून्य बिल येतंय, 200 युनिटपर्यंत. "महाविकास आघाडीनं तरी काय वेगळं मागितलं होतं? 300 युनिटच्या आत वापरणाऱ्याला 100 युनिट माफ. तेवढंही तुमच्यानं झालं नाही."

मध्येच एक खुलासा. निपाणीच्या 200 युनिटांबद्दल आपल्याकडं जे बोललं जातं त्यात थोडी हवा आहे. कर्नाटकात सरसकट 200 फुकट नाहीत. 2022-23 मध्ये त्या घराचा जो सरासरी वापर होता त्यावर 10 टक्के वाढीव धरून तेवढेच युनिट माफ होतात. सत्तर जाळणाऱ्याला सत्त्याहत्तर माफ, वरचे पैसे भरा. आणि 200 ओलांडले की पूर्ण बिल. मास्तरांना हे सांगितलं तर म्हणाले, "सत्त्याहत्तर तर सत्त्याहत्तर. इथं सात तरी आहेत का?"

शेठ तोवर गप्प होते. त्यांचं दुखणं वेगळं. इंडक्शन फर्नेसमध्ये एक टन लोखंड वितळवायला साधारण 600 युनिट लागतात. "घरातला आणि शेतातला दर खाली ठेवायचा म्हणून आमचा वर ठेवतात. मोफत म्हणजे कुणाच्या तरी बिलावर चढवलेलं. कोल्हापूर-सांगलीचे उद्योजक कर्नाटकात जायचं म्हणत होते ते हौसेनं न्हवं." आणि मग ते वाक्य, ज्यावर पुढं सगळा हिशोब फिरला: "गरिबाला पाच रुपयानं युनिट पडतंय आणि मला सगळं धरून दहा-अकरानं. आता आणखी काय सवलत द्यायची त्याला?"

ताई कट्ट्याच्या कडेला उभ्याच होत्या. "शेठ, मला चौदानं पडतंय."

क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग सगळेच आण्णांवर घसरले. एका गोष्टीवर तिघांचं एकमत झालं ते तेवढंच.

मी आण्णांकडं गेलो. बिल दाखवतील असं वाटलं नव्हतं. पण त्यांनी कपाटातून अख्खी फाईल काढून पुढ्यात टाकली. "बघा. मी खातोय असं वाटत असंल तर बघाच एकदा."

त्या महिन्यात परसातल्या मीटरवर 410 युनिट पडले होते. पाच खोल्या, प्रत्येकी 82 च्या आसपास. 2024-25 च्या घरगुती दरात वहन आकार (वीज वाहून आणण्याचा खर्च) धरून पहिले 100 युनिट 5 रुपये 88 पैशांनी, 101 ते 300 हे 11 रुपये 46 पैशांनी आणि 301 ते 500 हे 15 रुपये 72 पैशांनी. म्हणजे 588, अधिक 2292, अधिक वरच्या 110 युनिटांचे 1729. स्थिर आकार 128. या सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन, म्हणजे इंधनखर्चाप्रमाणे बदलणारा आकार, बाजूला ठेवलं तरी बिल 5495 रुपये. युनिटला पडले 13 रुपये 40 पैसे. आण्णा चौदानं 5740 गोळा करतात. उरतात 245, त्यात पाण्याची मोटर आणि बोळातला दिवा. मोटर आण्णांच्या घरच्या मीटरवर चालते.

थोडक्यात, आण्णा खात नव्हते. निदान फार नाही.

आता हेच 410 युनिट पाच वेगळ्या मीटरांवर टाकून पाहू. प्रत्येकी 82 युनिट, सगळे पहिल्या टप्प्यात. 482 रुपये, 128 स्थिर आकार, 16 टक्के शुल्क, मिळून 708. ताई भरत होत्या 1148. महिन्याला 440 चा फरक, वर्षाला सव्वापाच हजारांच्या वर. तीच वीज, तीच तार, तोच खांब. टप्प्यांची पद्धत ज्याच्यासाठी केली तो कमी वापरणारा माणूस, आणि पाच कमी वापरणारे एका मीटरवर आले की दरपत्रकाला दिसतो एक चैनी ग्राहक, दोन एसी लावून बसलेला.

हे कागदावर आलं आणि मला कट्ट्यावरच्या भांडणाकडं वेगळं बघावं लागलं. तिघांचे उपाय या ओळीवर लावून पाहा. मास्तरांची गृहज्योती आली तर? मीटरवर 410, म्हणजे 200 च्या वर, पूर्ण बिल. आघाडीचे 100 युनिट? अट 300 च्या आतली, बाद. कार्यकर्त्याची 30 टक्के कपात? 5495 मधले 1648 रुपये उतरतील, पण उतरतील आण्णांच्या बिलात. ते पुढं खोल्यांपर्यंत उतरवायचे की नाही ते आण्णांच्या मनावर. आणि शेठ ज्या सवलतीला वैतागले आहेत ती तर या बायकांनी कधी पाहिलेलीच नाही. फर्नेसपेक्षा महाग वीज जाळून चपलेच्या वेण्या घातल्या जातायत. दारिद्र्यरेषेखालच्यांसाठी वर्षाला 360 युनिटच्या आतला एक फार स्वस्त दर आहे, त्याचं तर नावच काढायला नको. तो मिळवायला आधी नावावर मीटर लागतं.

सरकार मोजतं ते जोडणी. पक्षही जोडणीच मोजतात. चुली कुणी मोजत नाही.

टोलच्या वेळी अशी फाटाफूट का झाली नाही, हा प्रश्न मास्तरांनीच मला विचारला. टोल सगळ्यांना सारखा दिसत होता. नाका एक, पावती एक, मोटारवाला आणि टेम्पोवाला एकाच रांगेत. म्हणून सर्वपक्षीय कृती समिती उभी राहिली आणि बिंदू चौकात सगळे एका व्यासपीठावर आले. वीजबिलाचं तसं नाही. 2020 च्या जूनमध्ये लॉकडाउनची तीन-तीन महिन्यांची बिलं एकदम आली तेव्हा काही काळ तसं झालं होतं, कारण तेव्हाही प्रत्येकाच्या हातात एकसारखा धक्का होता. एरवी शेतकऱ्याचं बिल वेगळं, इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याचं 27 अश्वशक्तीच्या आतलं वेगळं नि वरचं वेगळं, बंगल्याचं वेगळं. ज्याचं बिल त्याचा पक्ष. आणि ज्याच्या नावावर बिलच नाही त्याचा कुणी नाही. सबमीटरवाल्याला मोर्च्यात यायचं असलं तरी हातात धरायला बिल कुठंय?

मग वेगळं मीटर का नाही घेत? घेता येतं. वीज कायदा 2003 चं कलम 43 जागेच्या मालकाबरोबर भोगवटादारालाही वीजपुरवठा मागण्याचा हक्क देतं. उज्ज्वलाचंही असंच आहे. 2021 च्या दुसऱ्या टप्प्यात कामासाठी स्थलांतर केलेल्यांना पत्त्याबद्दल स्वतःचं घोषणापत्र चालतं. दारं आहेत, पण दाराशी जाण्याआधी आण्णा आहेत. भोगवटा सिद्ध करायला कागद लागतो आणि या पाच खोल्यांपैकी एकीचाही करार नाही. भाडं हातात, पावती नाही.

ताई आण्णांशी बोलायला गेल्या तेव्हा मी बरोबर होतो.

"आण्णा, मीटर वायलं करून द्या की. डिपॉझिट आमी भरतो."

"ताई, तुमच्यावर इस्वास हाय. पण तुमच्या नावाचं बिल आलं की उद्या तुमचा पोरगा म्हणंल खोली आमची."

"पोरगा न्हाईच मला. पोरगी हाय."

आण्णा हसले, पण पाघळले नाहीत. त्यांची भीती खोटी नाही. भाडेकरूच्या नावचं दहा-पंधरा वर्षांचं वीजबिल पुढं कोर्टात पुरावा म्हणून ठेवलं गेल्याच्या गोष्टी प्रत्येक पेठेत ऐकू येतात. शिवाय पाच मीटर लागले की पाच भाडेकरू कागदावर आले, मग घरफाळा वाढायची धास्ती. आण्णांचं स्वतःचं पोट या भाड्यावर आहे, मुलगा पुण्यात, पेन्शन नाही. गरीब विरुद्ध श्रीमंत अशी मांडणी करायला गेलं की आण्णा कुठल्याच खान्यात बसत नाहीत. ते कट्ट्यावरच्या कुठल्याच भाषणातही नसतात.

दीडेक महिना हे भिजत पडलं. मी स्टॅम्पपेपरवर अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार सुचवला, त्यात वीजजोडणीवरून खोलीवर हक्क सांगणार नाही असं स्पष्ट लिहून. आण्णांनी तो वाचला, घडी घातली, देवघरातल्या खणात ठेवला. तो अजून तिथंच असावा. खरं सांगायचं तर माझी चूक अशी झाली की मी पाचही मीटरांचा हट्ट धरला. वाट काढली ती काकूंनी, आण्णांच्या मंडळींनी. आण्णा आणि त्यांच्या भावाच्या वाटणीत परसाचे दोन घरफाळा नंबर पडले होते, त्यातला दुसरा पुढं काकूंच्या नावावर आला. त्या नंबरात दोन खोल्या येतात. "माझ्या नावानं घ्या की एक मीटर. भाडेकरूचं नाव नगं, झालं?"

एप्रिलमध्ये दुसरं मीटर बसलं. तीन खोल्या जुन्यावर, दोन नव्यावर. त्याच 410 युनिटांचा हिशोब पाहा. तीन खोल्यांचे 246 युनिट म्हणजे 2771 रुपये आणि दोन खोल्यांचे 164 म्हणजे 1681. मिळून 4452, पूर्वीपेक्षा 1043 नं कमी. आण्णांनी दर चौदाचा बारा केला. ओळीत पेढे वाटले गेले. कार्यकर्ता येऊन नव्या मीटरखाली फोटो काढून गेला. त्याचा यात काय हात होता ते मला कळलेलं नाही, पण पेढा त्यानंही खाल्ला.

बँकेची सवय, मी पुन्हा बेरीज केली. बारानं आण्णांकडं जमतात 4920. बिल 4452. पूर्वी 245 उरायचे, आता 468. वाचलेल्या 1043 पैकी 820 खोल्यांना मिळाले, बाकीचे पुढच्या घरात राहिले. मी हे कट्ट्यावर काढलं नाही. काढलं असतं तर दर पुन्हा चौदा झाला असता, किंवा नसताही. ताईंना मात्र सांगितलं. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे काका. 164 रुपयं तर माझं वाचलं." 82 गुणिले 2. हिशोब त्यांनी माझ्याआधी केला होता.

त्याच वेळी वरच्या पातळीवर काय चाललं होतं तेही नोंदवून ठेवतो. वीज नियामक आयोगानं 28 मार्च 2025 ला दर कमी करणारा आदेश काढला. तो काही दिवसांतच महावितरणच्या अर्जावर स्थगित झाला. 25 जूनला नवा आदेश आला आणि 1 जुलैपासून नवे दर लागले. पहिल्याच वर्षी 10 टक्के कपात, राज्यातले 70 टक्के ग्राहक 100 युनिटच्या आतले, त्यांना मोठा दिलासा, असं सरकारनं सांगितलं. कार्यकर्त्यानं ती बातमी कट्ट्यावर मोठ्यानं वाचली. मास्तर म्हणाले, आधी वाढवायचं मग कमी करायचं. शेठ म्हणाले, आमचं काय? मी मनात त्या सत्तर टक्क्यांत आमची ओळ शोधत होतो. पाच कुटुंबं, पाचही 100 च्या आतली. पण ती पाच ग्राहक नाहीत, दोनच आहेत. एक 246 चा आणि एक 164 चा. दोन्ही त्या सत्तर टक्क्यांच्या बाहेर.

जुलैत ओळीतला दर बाराच राहिला. त्याबद्दल कुणी विचारलं नाही आणि आण्णांनीही काढलं नाही.

गणपतीच्या आधी कडेच्या खोलीतला फौंड्रीवाला गोकुळ शिरगावला राहायला गेला, कारखान्याजवळ. त्याच्या जागी एक नवं जोडपं आलं, शाहूवाडीकडचं. नवरा गॅरेजमध्ये, बायको पोटुशी. आण्णांनी त्यांना भाडं सांगितलं, पाण्याची वेळ सांगितली, जळण पेटवायचं नाही हे सांगितलं आणि युनिटला 14 सांगितले. तडजोड जुन्या भाडेकरूंशी झाली होती, खोल्यांशी नाही.

त्या संध्याकाळी ताई चामड्याच्या पट्ट्यांचं गाठोडं बाजूला ठेवून त्या मुलीच्या दारात जाऊन बसल्या. हातात वही होती, मागून उघडलेली.

"बस हितं. तुला लिवाय येतंय न्हवं?"